माजघरातली विलायती फरशी

अमरावती, चैत्र वद्य ५, शके १७८६

ती. सौ. दुर्गाताईस खुशालचा शि. सा. न. वि. वि.

आईचा ताप उतरतो, पुन्हा चढतो. वैद्य धीर देतात.

यंदा कापसाच्या चढ्या भावाने सगळ्या वऱ्हाडाची डोकी फिरवली, त्यात माझंही. आपल्या माजघरात विलायती फरशी बसली! मुंबईहून पेंढ्यात बांधून आली, वाटेत चारच लाद्या फुटल्या. नक्षी वरून रंगवलेली नव्हे. रंगीत माती साच्यात भरून भाजलेली. झिजली तरी फूल तसंच राहतं म्हणे. इनायतुल्ला गवंड्याने जुनी जमीन हातभर खणून काढली आणि खाली खडी-चुना ठोकला. शेणात हात घालायची सोय उरली नाही, रुसू नकोस. आई पडवीतल्या खाटेवर आहे, तिला अजून कळू दिलं नाही. बरी झाली की हात धरून नेईन.

बाळंतपण आटोपलं की ये. माया आहेच, ती वाढू दे.

तुझा खुशाल

अकोला, चैत्र वद्य ९

चि. खुशालरावास अनेक आशीर्वाद.

अक्षर यांचं, बोल माझे. नववा महिना लागला, गाडीत कोणी बसू देत नाही.

अरे शहाण्या, कोणाला विचारून खणलंस? बाबांना शेवटी सारवलेल्या जमिनीवर उतरवलं ते माजघरातच, देवघराच्या दारापाशी. मलेही इथंच उतरवजा, असं आईने तेव्हाच मला बजावलं होतं. चाळीस वर्षं तिने ती जमीन सारवली. ती माती कुठे टाकलीस? टोपलीभर तरी परत आण. इथे बसून मला काही करता येत नाही, नुसता जीव तुटतो.

आईला जप. बहिणीवर लोभ राहू दे.

दुर्गा

अमरावती, वैशाख शुद्ध २

ती. सौ. ताईस खुशालचा नमस्कार.

मन घट्ट करून वाच. काल दुपारी आई गेली.

आपली माती वलगावच्या वाटेवरच्या खड्ड्यात टाकली होती. कापसाच्या गाड्यांनी ती मुरमात पार दडपली. तुझं पत्र आलं त्याच दिवशी आई म्हणाली, मले उतरवा. मी विहिरीजवळची माती आणली, देवघराच्या दारापाशी फरशीवर पसरली. आमच्या मंडळींनी सारवली. आईला उचलून तिथे ठेवलं.

तिने चिमूटभर माती हुंगली आणि विचारलं, हे आपलीच हाये ना रे? मी हो म्हणालो. तेवढ्यात तिच्या हाताखालचं सारवण सरकलं, निळं फूल उघडं पडलं. तिने ते पाहिलं. मग बोटांनी माती ओढून त्यावर सारली आणि म्हणाली, आपलीच हाये बापू, मले कळते.

ताई, तिला सगळं कळलं होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी ते बोलू दिलं.

लोभ मागायला तोंड नाही. तू सांभाळून राहा.

खुशाल