दोन नंबरचा गठ्ठा

आई,
इथूनच वाकते, पाठीवर हात ठेवलास असं समजते.

मी ठणठणीत आहे. खोकला किरकोळ आहे, काळजीने अर्धी होऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

सध्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीची मतमोजणी माझ्या टेबलावर आहे. यात मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितात. एक नंबरचा उमेदवार बाद झाला, तरी कागद वाया जात नाही. तो दोन नंबरवाल्याच्या गठ्ठ्यात जातो, तोही पूर्ण किमतीने.

काल एका शहाण्याने दोघांपुढेही १ लिहिलं होतं. मत बाद! मला हसूच आलं. कोण जास्त लाडकं, असं विचारलं की तूही हेच करायचीस.

दादाची बदली झाली, आता तुला त्याच्याकडे राहता येणार नाही, हे मला वहिनीकडून कळलं. तू अवाक्षर काढलं नाहीस. खिडकीजवळची कॉट मी तुझ्यासाठी मोकळी केली आहे. माझ्यापुढे बिनधास्त २ लिही आणि ये.

मी ते पूर्ण किमतीचंच मोजीन.

तुझी धाकटी