मी बघतो

१० नोव्हेंबर
डोणगावात पोहोचलो. इथल्या शेतकरी कंपनीला सोयाबीन खरेदीचं ॲप हवंय, म्हणून पुण्याच्या ऑफिसने मला धाडलं. हुद्दा स्क्रम मास्टर. ऐकायला पहिलवानाचा वाटतो, काम मात्र लोकांकडून वेळेत काम करून घ्यायचं. गोदामावरची खोली हवेशीर आहे. हिशेब बघणाऱ्या बेबीताईंनी आल्या आल्या भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली. बायकोला, अनुपमाला, फोटो पाठवला. छकुली पहिलीत आहे, पण दिवसभर फोन करून बाबाची हजेरी घेते. मजेत आहे.

११ नोव्हेंबर
पहिली स्टँड-अप मीटिंग. रोज सकाळी गोल उभं राहून सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा कोणता. बेबीताई म्हणाल्या, बैठक म्हनता अन् उभं काऊन करून राह्यले, साहेब? मीही हसलो. त्यांचा अडथळा म्हणजे शेजारचा कुत्रा, अंगावर येतो. अडथळे दूर करणं माझं काम, तेव्हा म्हणालो, मी बघतो. आमच्या ऑफिसात याचा अर्थ काही होणार नाही असाच असतो.

१२ नोव्हेंबर
कुत्रा नाहीसा झाला. साखळी तिथेच पडलीय, पट्ट्याचं बक्कल लावलेलं. बेबीताईंनी हात जोडले. मी काडीही हलवली नव्हती, तरी श्रेय घेतलं. आयतं चालून आलेलं कोण सोडतो?

१४ नोव्हेंबर
प्रोग्रामर जीवनचा अडथळा म्हणजे गावातले म्हातारे शेतकरी रामराव. रोज येतात आणि ॲप पहिल्यापासून शिकव म्हणतात. त्याचा अर्धा दिवस जातो. म्हणालो, मी बघतो. संध्याकाळी मीच त्यांना शिकवेन, असं मनात होतं.

१५ नोव्हेंबर
गोदामाच्या दारात रामरावांच्या चपला. माणूस कुठेच नाही. त्यांच्या पत्नी रुखमाबाई आल्या, इथंच आले होते न, म्हणाल्या. मला माहीत नाही म्हणालो. दुपारी पुण्याच्या साहेबांना व्हिडिओवर सांगितलं, टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे कामाचा वेग, वाढलीय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जनाची नाही, मनाची तरी लाज असावी. मी हसत होतो.

१८ नोव्हेंबर
स्टँड-अप बंद करायला हवी होती. पण आता साहेब रोज व्हिडिओवर असतात, त्यांना कारण काय सांगू? रुखमाबाई पायरीवर बसून असतात. मी मागच्या दाराने ये-जा करतो.
आज माझी पाळी आली आणि नेमका छकुलीचा फोन वाजला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मी फोन कापला, हसत म्हणालो, घरचे फोन, हाच काय तो अडथळा. आणि सवयीने पुढचंही तोंडातून गेलं. मी बघतो.

१९ नोव्हेंबर
फोन नाही. दुपारी अनुपमाचा आला. छकुली घरात नाही. दाराला आतून कडी. रडत विचारत होती, तुला काही माहीत आहे का.
नाही म्हणालो. तिलाही.

२० नोव्हेंबर
एकटाच उभा राहून म्हणून पाहिलं, छकुलीला आणायचं, मी बघतो. काही नाही. या शब्दांनी अडथळा फक्त जातो, परत काही येत नाही —
रुखमाबाईंना सगळं सांगितलं. शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. एवढंच म्हणाल्या, मंग मले पहिल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?
मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी बोललो असतो तर छकुली —

२१ नोव्हेंबर
उभ्यानेच लिहितोय. सगळे गोलात होते, साहेब व्हिडिओवर. त्यांच्यासमोर बोललो. रामराव आणि छकुली यांच्या परतीच्या वाटेत अडथळा मीच. मी बघतो.
कुणी हसलं नाही.
पायरीवर रुखमाबाई कुणाला तरी रागावतायत, कुठी होते म्हणून —
माझा फोन वाजला. उचलायला गेलो, हाताला लागेना; ही वही आणि पेन तेवढं लागतंय. बेबीताईंनी उचलला. छकुली सापडली म्हणतायत. तिला बाबाशी बोलायचंय —
बेबीताई खोलीभर बघतायत. साहेब कुठी गेले, विचारतायत. त्यांच्या समोरच उभा आहे. हाक मारतोय. बेबीताई, मी इथे —