मुशीच्या तेलाची बाटली

निपाणी, भाद्रपद शुद्ध सप्तमी, मंगळवार

आज सासूबाईंना बाटली सापडलीच. तीही ऐन दशलक्षण पर्वात, उपासातापासाच्या दिवसांत! तो वास लपणार तरी किती दिवस?

माझ्या दोन वर्षांच्या सुमनचे पाय वाकायला लागले, तेव्हा बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरांनी हे मुशी माशाच्या काळजाचं तेल दिलं. युद्धामुळे विलायती तेल येत नाही. "कोळी मासा खायला धरतात, काळीज फेकून द्यायचे. आता त्याचंच तेल काढतात. त्यासाठी वेगळा जीव मारत नाहीत," असं ते म्हणाले. तेच मनाशी घोकत मी महिनाभर चोरून पाजलं. पण जैनाच्या घरात मासा तो मासाच ना?

सासूबाईंनी बूच काढून वास घेतला.

"कशाचं हाय गं हे?"

खोटं बोलवेना. डॉक्टरांचं म्हणणं सगळं सांगितलं. त्या सुमनच्या पायांवरून हात फिरवत बसल्या. बस्तीच्या देवळातल्या मुनिमहाराजांना सांगतील? मला माहेरी धाडतील?

मग म्हणाल्या, "चमचा आण. आजपास्नं मीच पाजणार. पाप लागायचं तर मला लागू दे. तुझं आयुष्य अजून लई पडलंय."

वासानं त्यांना उमासे येत होते, पण एक थेंब सांडला नाही.