उलटा सेल

मंगळवार, रात्र. मेहरूण.

अक्का आज पडली. असोद्याला शिवणक्लास घेऊन सायकलवर परत येताना मोरीजवळ अंधारात चाक खड्ड्यात गेलं. उजवं मनगट सुजलंय. हाड मोडलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तिची हँडलला अडकवायची बॅटरी दिवसभर पिशवीत असते. जेवणाच्या डब्यानं बटण दाबलं जायचं, बॅटरी आतल्या आत जळत राहायची आणि घरी निघेपर्यंत सेल संपलेले. म्हणून सकाळी मीच एक सेल उलटा घातला. तसा घातला की बटण दाबलं गेलं तरी ती लागत नाही. वापरताना सेल सरळ कर, एवढंच तिला सांगायचं होतं. मी आंघोळीला गेलो आणि तेवढ्यात ती निघून गेली.

मघाशी हळदीचा लेप लावताना म्हणाली, "बॅटरी लागलीच नाही रे. परत डब्यानं दाबलं असेल. माझंच लक्ष नसतं."

तेव्हाच का नाही सांगितलं मी? ओट्यावर जाऊन तो उलटा सेल सरळ केला. बॅटरी लख्ख लागली.

आत आलो तर ती आईला सांगत होती, "आता क्लासला जाईन तेव्हा डबा नको देत जाऊ. एक वेळ नाही खाल्लं तर काय होतं?"

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. अक्का रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं डावा हात पुढे केला.

"सेल कसा फिरवायचा, ते दाखव मला."

बॅटरी तिच्या हातात दिली. एका हातानं तिला झाकण उघडता येईना.