एका दिव्याच्या घराची निरवानिरव

त्या जगन्नियंत्याचे स्मरण करून मी, गल्लीत झाकणआजी म्हणून ओळखली जाणारी, पाठशाळेतील शिक्षकाची मुलगी आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची विधवा, हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वखुशीने व कोणाचेही दडपण नसताना लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही. ही दोन वेगळी आहेत हे शास्त्रकारांना ठाऊक होते, वकिलांना समजावून सांगावे लागले. बुद्धी निश्चय करते, मन येरझारा घालते. सकाळपासून मनाबरोबर मीही घालीत आहे, सबब अक्षर कोठे वाकडे आले असल्यास तो बुद्धिभ्रंश समजू नये.

कलम पहिले. माझा थोरला मुलगा परगावी राहतो. त्याचा वाटा त्याच्या दुकानासाठी मी हयातीतच दिलेला आहे, तरी त्याने या घरावर हक्क सांगू नये. मागल्या खेपेस तो आला तेव्हा तीनही खोल्यांतले दिवे लावून चौथ्या ठिकाणी, म्हणजे अंगणात, फोनवर बोलत होता. दिवे मालवत मी त्याच्यापर्यंत पोहोचले, तर म्हणतो, "आई, ह्या घरात आहे काय? विकून टाकू. वहिनीला कुठेतरी एक खोली बघून देऊ." धाकट्या भावाच्या विधवेला तो मानाने वहिनी म्हणतो आणि त्याच श्वासात घराबाहेर काढतो. त्यास मी भिंतीवरचे घड्याळ देत आहे. ते रोज किल्ली दिल्याशिवाय चालत नाही. कोणतीही वस्तू राखावी लागते, एवढे त्याला त्यावरून कळले तर पुष्कळ झाले.

कलम दुसरे. माझी खरी मिळकत म्हणजे घर चालवण्याची विद्या. ती ज्याला हवी त्याने न्यावी. भांड्यावर झाकण ठेवल्याशिवाय काहीही शिजवू नये. हे मी उभ्या गल्लीला सांगत फिरले, म्हणून ते टोपणनाव. भाताला उकळी फुटून पाणी आटत आले की आच बंद करावी व पातेले जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवावे. उरलेला भात आपल्याच उबेने शिजतो. चादर मधोमध विरली की उभी फाडावी, कडा मध्ये आणून शिवाव्या, ती आणखी तितकीच वर्षे टिकते. सदऱ्याची कॉलर झिजली की उसवून उलटी लावावी. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात भराव्या. भाजी उठत्या बाजारात घ्यावी, परंतु विकणारीची पाटी रिकामी होत आली असेल तर घासाघीस करू नये. तेथे काटकसर संपते आणि कार्पण्य सुरू होते. मितव्यय हे व्रत आहे, कार्पण्य हा दोष आहे. ही सीमारेषा कोठे आखावी याचा विचार मी आयुष्यभर पोथ्यांच्या आधारे केला. ती माझ्याच घरात कशी ओलांडली जात होती, हे पुढे चौथ्या कलमात येईल.

(येथे उठून मोरीतला नळ पाहून आले. गळत नव्हता. मघाशीही गळत नव्हता.)

कलम तिसरे. माझी मोठी कात्री शेजारच्या शिंप्यास द्यावी. पूर्वी एकदा त्याने ती उसनी नेऊन पत्रा कापला होता, हे मी विसरलेले नाही. परंतु त्याने मला जे सांगितले त्याची परतफेड कात्रीनेही होणार नाही.

कलम चौथे. हे घर, त्यातील भांडीकुंडी, शिवणयंत्र व माझ्या वडिलांच्या सर्व पोथ्या माझ्या सूनबाईस द्याव्या. ती या घरात आली तेव्हा मी एक नियम घातला होता: संध्याकाळी घरात एकच दिवा, आणि सर्वांनी त्याच्याभोवती बसावे. नियम चांगला होता. भांडायला उजेडाची दुसरी खोलीच नसल्याने भांडणे लवकर मिटत. पुढे माझा धाकटा गेला, आणि दिव्याभोवती आम्ही दोघीच उरलो. ती शिंप्याकडची कामे घरी आणून शिवी, मी जप करी.

माझी मान वाकत नाही म्हणून दुपारी ती मला पोथी वाचून दाखवते. यंदाच्या पावसाळ्यात एके दिवशी मी तिच्या मागून आले. ती नेमून दिलेला अध्याय स्वच्छ म्हणत होती. पाने वेळेवर उलटत होती. परंतु मांडीवर पोथी दुसरीच होती. नजर धड होती तेव्हा रोज वाचून वाचून तिने तो सगळा ग्रंथ पाठ केला होता, आणि चष्म्याचा खर्च वाचवला होता.

मी तडक शिंप्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, सुईत दोरा गेले कित्येक महिने मीच ओवून देतोय. सांगू नका म्हणून वहिनींनी शपथ घातली होती."

"मग आज का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत. विचारल्यावर खोटं बोलायची शपथ नव्हती घातली."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एरवी आली नसती. माझे डोळे दाखवायचे आहेत आणि एका फीमध्ये दोघींचे बघतात, असे सांगितल्यावर मुकाट्याने आली. माझे ठीक निघाले. तिचा मोतीबिंदू फार पिकलेला आहे. आतला दाब वाढला तर गेलेली नजर कोणालाही परत आणता येणार नाही, थांबू नका, असे डॉक्टर म्हणाले. घरी येऊन तिने दूध तापत ठेवले.

"आई, आत्ता नको. तुमचं दुखणंखुपणं पुढे आहे. त्याला नकोत का पैसे?"

"म्हणजे मी गेल्याशिवाय तुला दिसायचं नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? थांबा, दूध वर येतंय का बघते."

"बघतेस? कशाने?"

ती हसली. मला हसू आले नाही. झाकण ठेवायला मी शिकवले होते, ते तिने स्वतःवरच ठेवले होते. देह ही देवाने विश्वासाने दिलेली ठेव आहे; ती मोडून वाचवलेला पैसा हा ठेवीतला अपहार होय. हे मी तिला सप्रमाण, साधार समजावले. ती "हो आई" म्हणाली आणि शिवायला बसली.

कलम पाचवे. ~~माझ्या पश्चात माझी रोख रक्कम सूनबाईच्या डोळ्यांवर खर्च व्हावी.~~ खोडले. ती ती रक्कम माझ्या दिवसकार्यावर खर्च करील आणि वर म्हणेल की आईंचं नीट झालं. ~~ऑपरेशन केल्यासच घर मिळेल.~~ हेही खोडले. ती घर सोडील, आणि थोरला टपलेला आहेच. प्रत्येक वाक्याला मी ठिगळ लावी आणि प्रत्येक ठिगळाखालून तिची काटकसर बाहेर येई. शेवटी वकील वैतागून म्हणाले, "आजी, कितीही पक्कं लिहा. मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालतं. डॉक्टर तर थांबू नका म्हणतायत."

एवढी साधी गोष्ट. मरण्याची घाई करणे शास्त्रसंमत नाही. म्हणून मी दुसरा मार्ग काढला.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीसाठी डब्यात वेगळी ठेवलेली रक्कम आता शिल्लक नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी. ती मी इस्पितळात आगाऊ भरली. सगळी एकदम भरते म्हटल्यावर सवलतही मिळाली. ती मागितल्याशिवाय देत नव्हते. माझे अखेरचे जे काही करायचे ते कमीत कमी खर्चात करावे. मंत्रांना पैसे पडत नाहीत. जे मंत्र लागतील ते सूनबाईला पाठ आहेत, तिने म्हणावे. कोणी म्हणेल की बाईला हा अधिकार नाही. त्याने माझ्या वडिलांच्या पोथ्यांतून आधार दाखवावा. मी शोधला, मला सापडला नाही. आयुष्यभर विधी यथासांग व्हावेत असे म्हणणाऱ्या बाईला हे कलम लिहिणे सोपे गेले नाही, तरी ते खोडू नये.

पावती मी तांदळाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवली, कारण त्यावर तिचा हात रोज पडतो. तिने झाकण डोळ्यांपाशी नेले, मग दूर धरले, मग मला विचारले.

"काय आहे हे?"

"तुझ्या ऑपरेशनचे पैसे भरले. गुरुवारी सकाळी बोलावलंय."

"आई, उद्याच्या उद्या जाऊन परत आणा."

"परत देत नाहीत. खाली छापलंय तसं."

"काहीच नाही देत? अर्धे?"

"एक पैसा नाही. गेलो नाही तर बुडाले."

तिने डब्यावर हात ठेवला. तिच्या मनात काय चालले होते ते मला पाटीवर लिहिल्यासारखे दिसत होते, कारण ते गणित मीच तिला शिकवले आहे.

"एवढे पैसे वाया घालवायचे म्हणजे," ती म्हणाली. आणि मग, "उपाशीपोटी जायचं असतं का?"

कलम सातवे व अखेरचे. माझ्या पश्चात हे मृत्युपत्र सूनबाईने स्वतः, कागद समोर धरून, मोठ्याने वाचावे. पाठ म्हणू नये. म्हणूनच ते तिला आधी ऐकवलेले नाही. ऐकायला थोरल्याला बोलवावे आणि घड्याळाला किल्ली देऊन ठेवावी. वाचताना घरातले सगळे दिवे लावावेत. एका दिव्याचा नियम मी आज रद्द करीत आहे.

ऑपरेशन यशस्वी होईल असे डॉक्टर म्हणतात. मी विश्वास ठेवला आहे आणि तरीही बसवत नाही. ती आत चादर शिवते आहे. आज सुईत दोरा मी ओवून दिला.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून सही केली. खालील दोघांनी माझ्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

लिहून ठेवणार: झाकणआजी (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (सही)

साक्षीदार दुसरे: डोळ्यांचे डॉक्टर, माझी बुद्धी ठिकाणावर असल्याच्या दाखल्यासह (सही)

स्थळ: आमची पुढची खोली, खिडकीपाशी

दिनांक: बुधवार