चारशे त्र्याऐंशी गेला कुठे?

१ सप्टेंबर
सून सकाळपासून लॅपटॉपपुढे बसून एकच बेरीज करतेय. आकडा चारशे त्र्याऐंशी. त्यातले चार, आठ आणि तीन सुटे करायचे आणि एकमेकांत मिळवायचे. पंधरा! अक्षरओळख नाही मला – हेसुद्धा मी बोलते आणि फोन लिहून घेतो – पण पंधरा मलाही आले. तशी ओरडलेच.
"आई, उत्तर नकोय हो. ते काढायचं कसं, हे कॉम्प्युटरला सांगायचंय."
म्हणजे यंत्राला बेरीज शिकवायला माणूस लागतं! आणि म्हणे आता माणसांची गरज उरणार नाही.

२ सप्टेंबर
चिरंजीव ऑफिसातून आले, बूट दारात भिरकावले, लॅपटॉपमध्ये डोकावले. "अगं, हे चौथीतलं पोर करेल! चाळिशीत अंक मोजत बसलीस?" आणि खो खो हसले. साहेब ना ते! घरातला टीव्ही सुरू करायला मात्र बायकोला हाका मारतात.
शनिवारी तिची कॉम्प्युटरची परीक्षा. पास झाली तर परगावच्या कंपनीत नोकरी. "पास हो, मग खुशाल जा," असं याच महाराजांनी चारचौघांत सांगितलंय. समोरचा नापास होणार अशी खात्री असली की माणूस भलताच उदार होतो!

३ सप्टेंबर
आज यंत्र थांबेचना. शेवटचा अंक बेरजेत टाकला, पण मूळ आकड्यातून काढायला सून विसरली. मग ते तेच तीन पुन्हा पुन्हा घेत बसलं. तीन, तीन, तीन – थेट माझी नणंद! एकच गाऱ्हाणं, मध्ये श्वास नाही. लॅपटॉप इतका तापला की मी त्यावर गुडघा शेकून घेतला.
"आई!"
"अगं, कुणाला तरी उपयोग होऊ दे."

४ सप्टेंबर
आज थांबलं. पण उत्तर काय? तर शून्यातल्या अंकांची बेरीज पंधरा! वाचून दाखवताना सून रडकुंडीला आली. चारशे त्र्याऐंशी गेला कुठे? तर कापून कापून संपला. तीन काढून घेतला, आठ काढून घेतला, चार काढून घेतला – उरलं काय, शून्य.
तेवढ्यात आतून, "चहा!" मग, "माझा निळा शर्ट?" मग, "आईचं औषध आणलंस का?" ही आपली ऊठ-बस, ऊठ-बस. शेवटी मीच म्हटलं, "बस खाली. औषध माझं आहे, आणि मी अजून जिवंत आहे."
बसली. विचार केला. म्हणाली, आधी आकड्याची एक नक्कल बाजूला ठेवायला हवी, मग वाटेल तेवढं कापा. जमलं! आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या. आतून विचारणा – "काय चाललंय?"
काही नाही म्हटलं, चौथीतली पोरं खेळताहेत.

६ सप्टेंबर
परीक्षा झाली. "कशी गेली?" चिरंजीवांचा आवाज असा, जणू कुणाच्या घरी समाचाराला आलेत.

१२ सप्टेंबर
पास! सून स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसून आली.
चिरंजीवांनी आज बूट नीट जोडून ठेवले. मग हळूच, "ते सगळं ठीक आहे गं. पण आईला कोण बघणार?"
हो का! माझ्या गोळ्यांचा रंग माहीत नाही, आणि आज एकदम मातृप्रेमाचा उमाळा! सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. "कळवते त्यांना. नाही जमणार म्हणून."
माझा खुंटा केला की हो! आणि तिला माझ्याशीच बांधली.

१३ सप्टेंबर
दिवसभर कुणाशी बोलले नाही. जेवलेही नाही. भूक होती, पण रुसल्यावर जेवणं बरं दिसत नाही. सून झोपल्यावर दोन बिस्किटं खाल्ली. खाता खाता सुचलं, खुंटा उपटून सोबत नेताही येतो की!

२० सप्टेंबर
हे गाडीतून बोलतेय. शेजारी सुनेचा डोळा लागलाय. चिरंजीव स्टेशनवर आले होते, तोंड एवढंसं करून. सामान त्यांनीच चढवलं. दोघींचं.