ओस्तापची कांडी

१ डिसेंबर

आले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा पारा उणे एकवीस, पण ऊन इतकं लखलखीत की सपाट माळ नव्या चादरीसारखा दिसत होता. घर दोन खोल्यांचं, लोखंडी शेगडीचं, मला पुरेसं. कॉन्व्हेंटात सिस्टर मेथोडिया सांगायच्या, नव्या जागी पहिल्याच दिवशी लिहायला बसावं, नंतर डोळे निर्ढावतात. म्हणून ही वही.

उद्यापासून दगडांच्या कोठारात नोकरी. तेलविहिरी खणताना निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या तिथे खोक्यांत जपून ठेवतात. कोठार सांभाळणारा म्हातारा एल्मर थट्टेखोर आहे. म्हणाला, "या वयात दगड बघायला आलात, बाई? नातवंडं बघायची सोडून?" नातवंडं नाहीत, म्हटलं. त्याने माझ्या चहात न विचारता दोन चमचे साखर घातली.

५ डिसेंबर

काम आवडलं. दगड आम्लात विरघळवतात, उरलेले प्राचीन वनस्पतींचे बारीक बीजकण काचेवर घेतात आणि मी सूक्ष्मदर्शकातून त्यांचा रंग ठरवते. फिकट पिवळा असेल तर दगड कच्चा. मधाचा रंग आला तर त्यात तेल धरलं. गडद तपकिरी झाला की तेलाचा वायू होतो. काळा पडला की संपलं, काही उरत नाही. जन्मभर भरतकाम केल्यामुळे पिवळ्या दोऱ्याच्या अकरा छटा मला ओळखता येतात. नोकरी त्यावरच मिळाली.

एल्मर म्हणतो, "पावासारखंच आहे, बाई. आच कमी पडली तर कच्चा, जास्त झाली तर कोळसा. फक्त भट्टी पाताळात, आणि वाट बघायची कोट्यवधी वर्षं." आमच्या बाजूचा काळा दगड छत्तीस कोटी वर्षांचा, तरी कच्चाच आहे. हवा तेवढा खोल तो कधी गेलाच नाही.

१४ डिसेंबर

सापडली. खरं तर हिच्याचसाठी या गावात आले.

तीन वर्षांपूर्वी विहिरीतला वायू पेटला आणि माझा मुलगा ओस्ताप गेला. तेवीस वर्षांचा होता. शवपेटीत आम्ही त्याचा रविवारचा शर्ट पुरला, कारण पुरायला दुसरं काही मिळालंच नाही. त्याच दिवशी सकाळी त्याने वर काढलेली कांडी आज माझ्या हातात आली. प्रत्येक कांडीवर लाल आणि काळी अशा दोन रेघा ओढतात. लाल उजवीकडे असली की वरचं टोक वर आहे असं समजायचं. ओस्तापची लाल रेघ शेवटी किंचित वळते. शाळेच्या वहीतही वळायची. मी तिच्यावरून बोट फिरवत किती वेळ उभी होते कोण जाणे.

तिची काच पाहिली. फिकट पिवळा.

६ जानेवारी

आमचा नाताळ जुन्या पंचांगाने, उद्या; आज त्याची पवित्र संध्याकाळ. एकटीसाठीही रीतीप्रमाणे बारा पदार्थ केले. गहू-मधाची खीर, बीटाचं सार, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, आमचे पिरोही. गेलेल्यांसाठी एक ताट जास्तीचं मांडलं.

ओस्तापच्या कांडीचा, रेघ वळते तिथला एक तुकडा कोटात लपवून आणला आहे. चोरीच ती. शेगडीजवळच्या खुर्चीत, त्याच्या ताटासमोर ठेवला. जेवायला बसण्याआधी आम्ही खुर्चीवर हलकी फुंकर घालतो. कुणाचा जीव टेकला असेल तर त्याने बाजूला व्हावं म्हणून. त्या खुर्चीवर मी फुंकर घातली नाही. त्याने बाजूला व्हायला नको होतं मला.

७ जानेवारी

दगडाला घाम फुटला आहे. बोटाला चिकट लागतो. आणि वास, कामावरून परतलेल्या ओस्तापच्या कोटाचा! घरातला तो कोट हुंगून हुंगून केव्हाच बिनवासाचा झाला होता. तुकडा पोटाशी धरून रडले.

९ जानेवारी

दगड खरवडून नवी काच केली. रंग मधाचा. एल्मरने डोळा लावला आणि म्हणाला, "हा आपल्याकडचा दगड नाहीच, बाई." मग मी सगळं सांगितलं. टोपी चाचपत तो म्हणाला, "उद्या परत आणा. शिजलेलं पुन्हा कच्चं होत नसतं."

उद्या नेईन म्हणाले.

११ जानेवारी

नेला नाही. दुपारी ओस्तापने हाक मारली. "मामो." आईला मारायची लहानपणची हाक, तशीच लांबवलेली. शेगडी फुलवली की स्पष्ट ऐकू येतं. आणखी लाकडं घातली.

माझी नखं मधाच्या रंगाची झाली आहेत.

१३ जानेवारी

घाम आटला. वासही गेला. तुकडा गडद तपकिरी. आवाज मात्र अगदी कानाशी — म्हणतो थंडी वाजते. ज्याला आगीने नेलं त्याला थंडी कशी —

नखंही तपकिरी. हातही, मनगटापर्यंत.

१४ जानेवारी

शेगडी विझवली. तुकडा बादलीतल्या पाण्यात बुडवला. बुडबुडे येतात — थांबतच नाहीत. एल्मर एकदा म्हणाला होता, जमिनीतल्या वायूला वास नसतो —

एल्मर आला होता. दार ठोठावत ओरडत होता, "खिडक्या उघडा, बाई! ऐकताय ना?" उघडल्या नाहीत. उघडल्या तर तोही निघून जाईल — माझा तो.

डोकं जड.

१५ जानेवारी

काळा पडला की काही उरत नाही. मीच लिहिलं होतं ते. लाल रेघ पुसत चालली — शेवटचं वळण तेवढं दिसतं —

खुर्ची शेगडीकडे सरकली आहे. मी नाही सरकवली.

म्हणतो, मामो, गारठलो, एकदाच पेटव. नको रे बाळा, म्हटलं — तुला ठाऊक आहे ना घरात काय भरलंय — तुला नाही तर कुणाला — तो म्हणतो एकदाच. बर्फातून भिजून यायचा शाळेतून, तेव्हा कधी नाही म्हटलं होतं मी —

फुंकर घालायला हवी. खुर्चीवर. एवढीशी फुंकर, की तो जाईल —

ओठ जुळतात, पण येत नाही. काडीपेटी कुठून आली हातात —

बरं, बाळा. एकदाच. मग आपण दोघं